नळ जाळणारे मामा

मामा नळ जाळायचे. त्याला दुसरा शब्द नाही. तारेच्या टोकाला कापसाचा बोळा, बोळा स्पिरिटमध्ये बुडवलेला. काडी लावली की निळसर जाळ उठायचा आणि मामा तो नळाच्या तोंडावर आतून-बाहेरून असा फिरवायचे की पितळेवरचं पाणी चुर्र करून उडून जायचं. बघणाऱ्याला वाटावं, या माणसाचं त्या नळाशी जुनं वैर आहे. मग नळ सोडायचा, वाहू द्यायचा आणि निर्जंतुक केलेल्या काचेच्या बाटलीत, तिच्या तोंडाला बोट लागू न देता, पाणी धरायचं. पाण्यातले जंतू मोजायचे तर नळाच्या तोंडावरचे आधी मारावे लागतात, नाहीतर तेच बाटलीत उतरतात. एवढं साधं कारण. पण साधं कारण ऐकून घेईल तर तो पुणेकर कसला?

एका सोसायटीचे चेअरमन हात मागे बांधून हा प्रकार बघत होते. म्हणाले, "अहो, वर आमच्याकडे गॅस आहे. चहा तिथे केलात तरी चालेल."

मामांनी जाळ हलवला नाही. "चहा नको साहेब. तुमच्या टाकीत काय मेलंय ते बगायला आलोय."

चेअरमन जिन्याने थेट गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडल्याचा आवाज खाली आला.

मामा आमच्या लॅबमधले नमुने आणणारे गृहस्थ. लॅब म्हणजे सदाशिव पेठेत, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या. सोसायट्या, हॉटेलं, मेस, वस्त्यांमधली मंडळं, कुणालाही पाणी तपासून हवं असेल तर आमच्याकडे येत. मामा रोज लोणी काळभोरहून बसने यायचे. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात बर्फाचा डबा. शिक्षण सातवी. नाव कागदोपत्री काय होतं ते मला पहिले तीन महिने माहीतच नव्हतं.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. हे मी आजही आधी सांगते आणि त्याची मला लाज वाटत नाही. माझे वडील मार्केट यार्डात हमाल, आई मेसमध्ये पोळ्या लाटते. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजचा दाखला घेतलेली मी पहिली. पदवीदान समारंभातला झग्यातला माझा फोटो आमच्या घरात देवांच्या वर लावलेला आहे. आईने लावलाय, मी नाही. तर लॅबमध्ये आले तेव्हा मी नमुना कसा घ्यावा हे पुस्तकातून पाठ करून आले होते. मामांनी पहिल्याच दिवशी माझं ते पाठांतर शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तेव्हापासून माझं नाव पडलं 'बीएस्सी'. "काय बीएस्सी, डबा खाल्ला का?" "बीएस्सी, बर्फ संपलाय बग." त्यात टोमणा होता, पण थोडा अभिमानही होता, असं मला आता वाटतं. तेव्हा फक्त टोमणा ऐकू यायचा.

खडकवासल्याच्या पाण्याचं कौतुक पुण्यात कुणालाही विचारा, तो ऐकवेल. मामांना ते मान्य होतं. "धरणातलं पानी चांगलंच हाय," ते म्हणायचे. "पानी वाटंत बिघडतं." हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते पाण्यापुरतंच बोलायचे, त्याचा आणखी अर्थ लावलेला त्यांना आवडत नसे. लोणीचा माणूस, म्हणजे शहराच्या खालच्या अंगाचा. नदी शहरातून सगळं घेऊन त्यांच्या शिवारात जाते. "आमच्या आईनं नदीच्या वाळूत झिरा खनून त्यातलं पानी आमाला पाजलं," ते एकदा बसस्टॉपवर सांगत होते. "आता त्या नदीला हात लावला तर हात धुवायला दुसरं पानी लागतं. पुन्यानं चूळ भरली की ती आमच्या दारात येती." हे रागाने नाही, बस उशिरा येते हे सांगावं तशा आवाजात.

नमुना घ्यायला कुठेही गेलं की त्यांचा पहिला प्रश्न घरातल्या बाईला असायचा, "पानी कवा येतं आन् कवा जातं?" मग ते त्या वेळेच्या आधी जाऊन उभे राहत. पाणी जायच्या वेळीही थांबत. पाणी गेलं की उघड्या नळाच्या तोंडावर तळहात ठेवत. कधी काहीच होत नसे. कधी मात्र तळहात नळाला चिकटे. "बग, ओढतोय," म्हणून ते माझा हात धरून तिथे ठेवत. खरंच नळ आत ओढायचा. वरून पुरवठा बंद झाला की पाइप उतरत्या बाजूला रिकामा होत जातो आणि रिकामा होताना मिळेल तिथून आत ओढतो. नळातून हवा ओढतो. आणि कुठे जोड सुटलेला असेल, भोवती गटाराचं पाणी साचलेलं असेल, तर तेही ओढतो. मग दुसऱ्या दिवशी पाणी आलं की आधी ते बाहेर येतं.

म्हणून मामा दोन बाटल्या घेत. एक पहिल्या पाण्याची, एक नळ वाहून गेल्यानंतरची. पुस्तकात एकच आहे. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यावा, मग नमुना घ्यावा. आमचे सर, म्हणजे लॅबचे मालक, दुसऱ्या बाटलीवर चिडायचे. "मामा, आपण लॅब चालवतो. आपल्याला वाटलं म्हणून बाटल्या भरायला हे काही लोणच्याचं दुकान नाही." मीही सरांच्याच बाजूची. पद्धत म्हणजे पद्धत. सातवी शिकलेल्या माणसाने पद्धत बदलायची, तर मग मी तीन वर्षं कशासाठी घासली?

आणि मग मामा लोणीला गेले, पुतणीच्या लग्नासाठी. दहा दिवसांची रजा.

त्याच आठवड्यात कालव्याकडच्या एका वस्तीतल्या मंडळाचा फोन आला. वस्तीत कावीळ झालेले पेशंट निघत होते. पाणी तपासून हवं होतं. सर म्हणाले, "जा मॅडम, तुम्हीच जा." मी पहिल्यांदा एकटी गेले. बोळा, स्पिरिट, बाटली, बर्फ, सगळं घेऊन. पाणी दुपारी चारला येतं, असं मंडळाच्या पोरांनी सांगितलं होतं. मी पोचले चार वीसला. उतारावरच्या गल्लीत अगदी शेवटचं घर मंदाचं. विदर्भातून आलेलं जोडपं. नवरा कारखान्यात हेल्पर, मंदाला सातवा महिना. तिचा नळ मी जाळला, पुस्तकाप्रमाणे घड्याळ लावून तीन मिनिटं वाहू दिला, बाटली भरली. क्लोरीनच्या तपासणीसाठी थोडं पाणी वेगळ्या नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. पिवळं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजे चांगलं. दोन दिवसांनी जंतूंचाही निकाल आला, काही नाही. रिपोर्ट तयार झाला. 'पिण्यास योग्य.' खाली माझी सही. माझ्या सहीचा पहिला रिपोर्ट.

तो द्यायला मी स्वतः गेले. मंडळाच्या पोरांनी लगेच फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला. मंदा दारातच उभी होती. म्हणाली, "ताई, मंग आता उकळाचं काम नाही ना? गॅस लय जाते जी."

मी म्हणाले, "नको उकळू. रिपोर्ट आहे ना."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. त्यात एक शब्दही इकडचा तिकडे नाही.

मामा परत आले तेव्हा त्याला पाच दिवस झाले होते. आल्या आल्या रजेतले रिपोर्ट वाचायची त्यांची सवय होती. अक्षरावर बोट ठेवून वाचायचे. माझ्या रिपोर्टवर बोट थांबलं.

"किती वाहू दिलास?"

"तीन मिनिटं. पुस्तकाप्रमाणे."

"ते ऱ्हाऊ दे. तू पोचलीस कवा?"

"चार वीसला."

"आन् पानी चारला येतं."

वीस मिनिटं लोकांनी पाणी भरलं होतं. त्यावर आणखी तीन मिनिटं मी सांडलं होतं. लोक आधी जे भरतात, ते मी तपासलंच नव्हतं.

त्याच दिवशी आम्ही पावणेचारला मंदाच्या दारात होतो. बाहेर हंडे, कळश्या, रंगाचे रिकामे डबे, सगळे ओळीत लावलेले. पाणी पाऊण तास टिकायचं आणि शेवटच्या घराला धार अर्धीच मिळायची. त्यामुळे पहिला थेंबही कुणी सोडत नसे. मामांनी नळ जाळला. चारला नळाने आधी नुसता श्वास टाकला, मग एकदा खोकला आणि मग पाणी आलं. दिसायला स्वच्छ. एक-दोन ओंजळी जरा गढूळ म्हणाव्यात, इतकंच. मामांनी पहिली बाटली धरली. मग मंदाचे दोन हंडे भरू दिले आणि दुसरी धरली.

दोन काचेच्या नळ्या कट्ट्यावर शेजारी शेजारी उभ्या केल्या. थेंब मी टाकले. दुसऱ्या नळीतलं पाणी लगेच पिवळं झालं. पहिल्या नळीतलं पांढरं ते पांढरंच. मी वाट बघितली. नळी हलवली. आणखी एक थेंब टाकला. पांढरंच. म्हणजे त्या पाण्यातलं क्लोरीन कशाने तरी खाऊन संपवलं होतं.

मंदा मागून बघत होती. "कोणतं चांगलं जी? पिवळं का पांढरं?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी पहिली नळी पुन्हा उजेडात धरली. तेवढ्यात तिने भरलेल्या हंड्यावर झाकण ठेवलं आणि तो आत नेला.

लॅबमध्ये आलो तेव्हा सव्वापाच झाले होते. सरांनी सगळं ऐकून घेतलं. "कल्चर लावा. उद्या संध्याकाळी कळेल. तोवर कुणाशी काही बोलायचं नाही. आपण लॅब आहोत, दवंडी पिटणारे नाही. आणि पहिलं पाणी प्यायचं नसतं हे लोकांना कळतं हो."

"पाऊन तास पानी येतं, सर," मामा म्हणाले. "त्यातलं पैलं कोन सांडंल? तुमी सांडाल?"

"मामा, पद्धतीत बसत नाही ते मी रिपोर्टमध्ये लिहू शकत नाही."

"रिपोर्टात नका लिहू. पन आज भरलेलं पानी लोक आता पीत असत्याल."

सर फोनवर बोलायला आत गेले. मामा बाटल्या बर्फातून काढून ठेवत राहिले. मला वाटलं, ते आता काहीतरी करतील. आजवर करायचेच. पण ते बाटल्याच पुसत बसले. शेवटी मीच म्हणाले, "मामा, काय करायचं?"

"मला काय इचारती? माझं कोन ऐकनार? सही तुझी हाय."

मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. घरात शिकून नोकरीला लागलेली मी एकटीच. ही नोकरी गेली तर वडिलांना काय सांगू, हे पहिलं डोक्यात आलं. खोटं कशाला बोलू, मंदा नंतर आली. पण आली. मी पर्स उचलली आणि जिना उतरू लागले. अर्ध्या जिन्यावर मागून चपलांचा आवाज आला. मामा आले होते.

ग्रुपवर सांगून भागणार नव्हतं. पहिला रिपोर्ट सगळीकडे पोचला होता, कारण तो सगळ्यांना हवा होता. मी टाकलेला मेसेज दोघांनी पाहिला. म्हणून दारोदार गेलो. प्रत्येक दारात मी तेच म्हणत होते, "तो रिपोर्ट मीच दिला होता. तो चुकला. आज भरलेलं पाणी ओतून द्या, नाहीतर खळखळून उकळा. पोरांना तसंच देऊ नका."

एक म्हातारी डोळे बारीक करून म्हणाली, "परवा योग्य, आज अयोग्य. तुमचं मशीन बिघडलंय का डोकं?"

"डोकं, आजी."

त्या संध्याकाळी मामा फक्त तिथे हसले.

मंदाचं घर शेवटचं. तिने ऐकलं आणि दाराची चौकट धरली. "ताई, म्या त पाच दिवस तसंच पेलं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कल्चरचा निकाल आला. पहिल्या बाटलीत मैला होता, यापेक्षा वेगळं काही सांगायची गरज नाही. सरांनी नवा रिपोर्ट काढला. त्यात आधीच्या रिपोर्टबद्दल एक शब्द नव्हता. मी त्याच्याखाली पेनने लिहिलं, 'आधीचा नमुना पाणी सुरू होऊन वीस मिनिटांनी घेतला होता. तो ग्राह्य धरू नये,' आणि सही केली. सरांनी ते वाचलं. "अक्षर छान आहे मॅडम. अनुभवाच्या दाखल्यावर मीही असंच काहीतरी लिहू ना?" पण काढलं नाही त्यांनी मला. मामांनी तो कागद मंडळाच्या फलकावर स्वतः चिकटवला, चारी कोपऱ्यांना डिंक लावून.

कावीळ लगेच होत नाही. पाणी पोटात गेल्यावर दोन आठवडे, चार आठवडे, कधी त्याहून जास्त. आणि पोटुशी बाईला झाली तर ती साधी कावीळ राहत नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. मामा दर दोन-तीन दिवसांनी घरी जाताना वाट वाकडी करून मंदाकडे जायचे. कधी लोणीची मेथी, कधी चार लिंबं. "कोण लागते ती तुमची?" मी विचारलं. "डोळे बगून येतो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आल्यावर दारातूनच मान हलवायचे. नाही, अजून नाही. मग मी कामाला लागायची. तीन आठवडे माझं काम असंच त्या मानेवर चाललं होतं.

चौथ्या आठवड्यात एक दिवस ते आले आणि मान हलवली नाही. बर्फाचा डबा खाली ठेवला. म्हणाले, "चल."

सरकारी दवाखान्यात मंदा अकरा दिवस होती. त्यातले चार दिवस ती कुणाला ओळखत नव्हती. नवरा भिंतीला टेकून बसलेला असायचा, आम्हाला बघून तोंड फिरवायचा. मंदा वाचली. बाळ नाही वाचलं. मुलगी होती.

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी मामांना म्हणाले, "माझ्यामुळे झालं." मला वाटलं, आता ते म्हणतील, तसं नाही पोरी. सगळेच म्हणतात.

"त्या पाच दिसांचं पानी का आधीचं, हे कुनालाबी सांगता यायचं न्हाई," मामा म्हणाले. "वस्तीत आधीच कावीळ व्हती. डाक्टरलाबी सांगता यायचं न्हाई."

मी मान वर केली.

"पन तू तिला उकळू नको म्हनलीस. ते म्हनलीस."

दोन्ही वाक्यं खरी होती. त्यांनी एकही दुसऱ्यासाठी मागे घेतलं नाही. माझ्या आयुष्यात इतकं सरळ माझ्याशी कुणी बोललेलं नाही आणि इतक्या वाईट दिवशी कुणी माझ्या शेजारी इतका वेळ बसलेलंही नाही. लोणीची शेवटची बस चुकली त्यांची.

पुढे गल्लीच्या तोंडाशी खणलं तेव्हा दिसलं, पाण्याचा पाइप गटाराच्या चेंबरमधूनच गेला होता, जोडावर गंजून चाळण झालेला. तो काढून नवी लाइन गटाराच्या वरून टाकली. मामांच्या निवृत्तीआधीचा तो शेवटचा आठवडा. मला म्हणाले, "मंदाकडं जाऊन येऊ." माझी हिंमत नव्हती. ते जिन्यात उभे राहिले, बस. मी उतरले.

नवरा कामावर गेला होता. मंदा हडकली होती, डोळे मात्र स्वच्छ झाले होते. तिने चटई अंथरली आणि दोन पेले आणून समोर ठेवले. दारात आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, तसेच. मी पेल्याकडे बघत राहिले. तिने ते पाहिलं.

"उकळेल हाये जी ताई," ती म्हणाली. "प्या. भेऊ नका."

मामांनी पेला उचलला, एका दमात संपवला आणि पुढे केला. "आजून दे, पोरी."

मीही प्यायले. तळापर्यंत प्यायले.

बसस्टॉपवर बस आली, मामा पायरीवर चढले आणि दांडीला धरून वळले. "बीएस्सी, लाइन नवी हाय म्हनून इसवास ठिवू नको. उद्या परत जा. आन् येळंच्या आदी जा."

दुसऱ्या दिवशी पावणेचारला मी वस्तीत पोचले. गल्लीतल्या बाया हंडे लावून उभ्या होत्या. मंदाने नळाखालची स्वतःची कळशी उचलली, बाजूला सरकवली आणि मला जागा करून दिली.